मदत हवी आहे : जेन्सन मोटर्सचा ऱ्हास नेमका कशामुळे झाला?

सप्रेम नमस्कार. इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच येथील जेन्सन मोटर्स या छोट्या मोटार कंपनीवर मी मराठीत लेख लिहीत असून, एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

ॲलन आणि रिचर्ड या जेन्सन बंधूंच्या या कंपनीने १९६६ साली ‘इंटरसेप्टर’ आणली. इटालियन वळणाची बॉडी, क्रायसलरचे व्ही-८ इंजिन आणि मागे काचेचा तो भला मोठा, फुगीर, वर उघडणारा दरवाजा! तिच्याच जोडीला आलेल्या ‘एफएफ’मध्ये चारही चाकांना शक्ती पुरवणारी यंत्रणा आणि चाके जाम होऊ न देणारे डनलॉपचे ब्रेक होते. पुढच्या मडगार्डवर एकाऐवजी दोन झरोके दिसले की ती एफएफ, हे ओळखता येते. काळाच्या इतकी पुढे असलेली ही गाडी जेमतेम ३२० बनली, याची मला मनापासून हळहळ वाटते. डाव्या बाजूला स्टिअरिंग बसवणे शक्य नसल्याने अमेरिकेची बाजारपेठ तिला बंदच राहिली.

ऑस्टिन-हीली या दुसऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या बॉडी बांधण्याचे हक्काचे काम १९६० च्या दशकाअखेर हातचे गेले, १९७२ मध्ये आणलेल्या जेन्सन-हीली या स्वतःच्या स्पोर्ट्स गाडीत सुरुवातीला बरेच दोष निघाले, त्यातच १९७३ चे तेलसंकट आले आणि १९७६ मध्ये कारखाना बंद पडला. मला पहिला घाव सर्वांत खोल वाटतो. परंतु बहुतेक लेखनात तेलसंकटावरच भर दिसतो. त्या काळातील हिशेब किंवा कामगारांच्या आठवणी कोणी वाचल्या असल्यास कृपया कळवावे.