एपीची मान्यता: शिक्का की धूळफेक?

मुलुंडची_आई
लेकीच्या शाळेनं फी वाढवली. कारण काय, तर 'आमच्या पाच एपी विषयांना कॉलेज बोर्डाची मान्यता आहे'. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय; परीक्षा घेतं अमेरिकेतलं कॉलेज बोर्ड. खोदून विचारल्यावर कळलं, बोर्डाचा नमुना सिलॅबस तयारच असतो. शिक्षकानं 'हाच घेतो' म्हणून टिचकी मारायची, शाळेनं दुजोरा द्यायचा, झालं. वर्ग बघायला कोणी फिरकतही नाही. ही शुद्ध धूळफेक आहे.

खडूफळा
मी एपी कॅल्क्युलस शिकवतो. 'टिचकी' वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

ही मान्यता ज्यातून मिळते ते 'एपी कोर्स ऑडिट' २००७-०८ पासून आलं. त्याआधी कुठलीही शाळा कुठल्याही तासाला एपी म्हणायची. आता मंजुरी नसेल तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, एपी लिहिता येत नाही, आणि मंजूर विषयांचं लेजर, म्हणजे बोर्डाची यादी, कोणालाही बघता येतं. नमुना उचलता येतो, मान्य. मी माझा सिलॅबस स्वतः लिहिला. फंक्शन आलेखातून कधी, तक्त्यातून कधी, ग्राफिंग कॅल्क्युलेटर नेमका कशासाठी, सगळं त्यात दाखवावं लागतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला तर शिकवण्याचा २५ टक्के वेळ प्रयोगांना द्यावा लागतो. आमच्या संस्थेनं कॅल्क्युलेटर घ्यायला साफ नकार दिला होता. ऑडिटचा कागद टेबलावर ठेवला तेव्हा कुठे खरेदी झाली. फी तुमच्या शाळेनं वाढवली, त्याचं खापर ऑडिटवर कशाला?

मुलुंडची_आई
कॅल्क्युलेटर आले, छान. कपाटातून वर्गात येतात का, हे बोर्ड बघतं का?

खडूफळा
नाही बघत. मग मे महिन्यातली परीक्षा कशाला असते?

दादरचे_निवृत्त_सर
२५ टक्के प्रयोग! ऐकूनच भरून आलं. आमच्या एचएससीला फिजिक्सचे ७० लेखी, ३० प्रॅक्टिकलचे. मान्यता पक्की, शिक्के गोल. आणि पोरं कुठे? कॉलेज-क्लासच्या 'इंटिग्रेटेड' जोडणीच्या नावाखाली क्लासात. नाव आमच्या पटावर, देह अंधेरीत. प्रॅक्टिकलच्या दिवशी एक जण मीटर ब्रिजची जॉकी हातात धरून मला विचारतो, 'सर, हे कुठे टेकवायचं?' त्याचं जर्नल उघडलं तर सगळी रीडिंग मोत्यासारख्या अक्षरात, प्रत्येक पानावर सही. सही कोणाची ते विचारू नका. २०१८ मध्ये सरकारनं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितलं. पोरं सकाळी अंगठा टेकवून रिक्षात बसायला लागली.

विरार_फास्ट
सर, मी तसलाच इंटिग्रेटेडवाला. आमच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हता. रिकाम्या बाकांवर बसून काय करायचं होतं? क्लासनं निदान शिकवलं तरी.

दादरचे_निवृत्त_सर
जागा सरकारनं भरायची. ते माझ्या तोंडावर का फेकता?

विरार_फास्ट
आणि खोट्या जर्नलवर सह्या करणारे कोण, सरकार? माझ्या बाबांनी पीएफमधून पैसे काढून क्लासची फी भरली. कॉलेजची फी वेगळी, तीही भरली. दोन्हीकडे पैसे, शिकवलं एकीकडेच. 'देह अंधेरीत' म्हणून हसणं सोपं आहे.

दादरचे_निवृत्त_सर
हसलो नाही. मी सही नाकारली तेव्हा प्राचार्यांनी दुसऱ्याकडून करून घेतली. बाबांच्या पीएफचं वाचून वाईट वाटलं. तरीही क्लासवाले देवदूत नाहीत.

खडूफळा
मंडळी, धागा एपीचा आहे.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट
एपीचंच बोलतो. माझ्या शाळेत एपी नव्हतंच. घरी अभ्यास केला, दुसऱ्या शाळेत जाऊन कॅल्क्युलस बीसीची एपी परीक्षा दिली, ५ पैकी ५ आले. विद्यापीठानं पहिल्या सत्राचं गणित माफ केलं. मान्यता लागते ती शाळेला पाटी लावायला, मुलाला परीक्षा द्यायला नाही. एवढा गळा काढायचं कारण कळलं नाही.

खडूफळा
अभिनंदन, आर्यभट्ट. माझ्या वर्गातल्या बाकीच्यांनी काय करायचं? आणि ५ आले तरी सगळी विद्यापीठं क्रेडिट देत नाहीत, हेही सांगून टाक.

डोंबिवली_ते_डेट्रॉइट
देत नाहीत. पण मग तुमच्या मंजूर वर्गातल्या पोरांनाही तिथे देत नाहीत.

खडूफळा
हो. या एका मुद्द्यावर तू बरोबर. फ्रेम करून लाव.

मुलुंडची_आई
सरांनी सांगितलं म्हणून लेजर उघडलं. कागद अगदीच बिनकामाचा नाही म्हणायचा, कारण लेकीच्या शाळेपुढे चारच विषय दिसतात. पाचवा, बायोलॉजी, नाहीच.

खडूफळा
बाई बदलल्यात का? शिक्षक बदलला की नव्या शिक्षकाला ऑडिट करावं लागतं. शिवाय शाळेनं दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. सिलॅबस पाठवायची मुदत जानेवारीअखेर. लेखी विचारा, तोंडी नको.

मुलुंडची_आई
बाई जूनमध्येच गेल्या. मेल टाकलाय, सोबत फीची पावती जोडली. पावतीवर पाचही विषय आहेत.

दादरचे_निवृत्त_सर
उत्तर आलं की इथे टाका. आणि त्या बायोलॉजीच्या मुलांची जर्नलं बघून घ्या.