शटरला नुसतं मोठं कुलूप लावून होत नाही
भाऊ, नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाला मोठ्ठं कुलूप घ्या म्हणून सगळे सांगून राहिले, पण चोर कुलपाला हातच लावत नाही न, दोन्ही बाजूची कुलपं तशीच राहतात अन् शटर मधातून टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, उचकून वाकवतात, एक पोरगं आत सरकेल एवढी फट पुरते त्यांना. म्हणून सेंटर लॉक, म्हणजे शटरच्या मधोमध बसणारं कुलूप, लावाच. अन् आतल्या काचेच्या दाराचं मॅग्नेट लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं कुलूप, ६०० पौंड ताकदीचं असो की १२०० च्या, लाईट गेली की सुटते, आग लागली तर माणसं अडकू नये म्हणून ते बनवलंच तसं असते. त्याला बॅटरी बॅकअप हवाच, मे महिन्यात लाईट सारखी जाते तेव्हा तर नक्कीच, अन् बॅटरी पत्र्याखाली उन्हात ठेवू नका, लवकर बसते.