गिल्गमेशला विसरून कसं चालेल?

‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या भागांना जोडणारं पात्र म्हणजे फक्त सिड, असं म्हणतात, ते काही पटलं नाही. 1988 च्या दुसऱ्या भागापासून सिड भेटतो खरा, पण नाव तेवढं तेच, माणूस दर वेळी नवा. गिल्गमेशची गोष्ट वेगळी. पाचव्या भागात (1992) हा बढाईखोर तलवारबाज एक्सकॅलिबर ही दंतकथेतली तलवार समजून भलतीच तलवार उपसतो आणि तिचा घाव बसतो फक्त 1 पॉइंटचा! मग त्याचा मालकच त्याला मितींच्या पोकळीत फेकून देतो. आठव्या भागात आपल्या मदतीला येणारा ओडिन लढाईत पडल्यावर हाच पठ्ठ्या चार तलवारी घेऊन हजर, आणि त्यांत ती फुसकी तलवारही आहेच.

जॉब सिस्टिम, म्हणजे पात्राचा पेशा (जॉब) हवा तेव्हा बदलायची सोय, तिसऱ्या भागातली, मान्य. पण एका जॉबमध्ये शिकलेलं कौशल्य दुसऱ्यात वापरायची सोय पाचव्यात आली आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. नाइटच्या हाती तलवार आणि जोडीला व्हाइट मॅजिक (जखमा भरून काढणारी जादू), असले प्रयोग करण्यात माझे तासन्‌तास गेलेत.

दुसऱ्या भागाच्या लेव्हलिंगबद्दल, म्हणजे पात्रांची ताकद वाढवण्याच्या पद्धतीबद्दल, न बोललेलंच बरं. एचपी (पात्राची जीवनशक्ती) वाढवायला आपल्याच माणसांना बडवत बसायचं, ही काय पद्धत झाली?