स्लॅब तापतो म्हणून कॉर्क शीट लावायची का? साल सोलल्यावर झाड मरत नाही का?

तापीकाठ (जळगाव)
राम राम मंडळी. आमचं घर वरच्या मजल्यावर, एप्रिल-मे मध्ये स्लॅब असा तापतो की रात्री बाराला पण पंखा गरम हवाच फेकतो. थर्माकोलचं सिलिंग करायचं चाललं होतं पण घरचे म्हणता डोक्यावर ते प्लास्टिक नको, मग नेटवर कॉर्कच्या शीट दिसल्या, नैसर्गिक आहे, इको फ्रेंडली आहे वगैरे लिहिलंय. पण कॉर्क म्हणजे झाडाची सालच ना? आपण तर बघतो, बाभळीची साल गोल काढली की झाड उभं वाळतं. मग यात पर्यावरणाचं भलं काय झालं? आणि आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बुचाची झाडं आहेत, त्याचीच का ही साल?

सातपुडा_पायथा
दादा, ते बुचाचं झाड वेगळं, पांढऱ्या लांब फुलांचं. त्याची साल पूर्वी हलक्या कामाला वापरायचे, पण बाजारातला कॉर्क येतो तो कॉर्क ओकचा, आणि हे झाड पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया या बाजूला होतं. जगातला जवळपास निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालचा.
बाभळीचं तुमचं बरोबर आहे, कारण तिथे सालीबरोबर आतला जिवंत थर पण निघतो, ज्यातून पानांनी बनवलेलं अन्न मुळांना जातं. कॉर्क ओकला बाहेर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो, फक्त तोच काढतात, आतली साल तशीच राहते आणि बाहेरून पुन्हा नवीन कॉर्क धरते. काम कुऱ्हाडीनेच करतात पण हात फार सांभाळून चालवावा लागतो, घाव आत गेला की झाडाला जखम. कुऱ्हाडीच्या दांड्याचं टोक पाचरीसारखं तासलेलं असतं, ते खाली घालून फळी उचकटतात. सोललेलं खोड लालसर नारिंगी दिसतं, मग त्यावर वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात. 2024 ला सोललं तर 4, म्हणजे 2033 च्या आधी त्याला हात लावायचा नाही, तिथे निदान नऊ वर्षांचं अंतर ठेवावंच लागतं.
पहिली साल निघते तेव्हाच झाड साधारण 25 वर्षांचं असतं आणि ती खडबडीत. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या वेळेस, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. आजोबांनी लावायचं आणि नातवाने सोलायचं असं हे पीक आहे, मला तरी याचं फार कौतुक वाटतं. झाड दोनशे वर्षं जगतं, पोर्तुगालमध्ये ते परवानगीशिवाय तोडता येत नाही, 2011 ला त्यांनी ते राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर केलं. सालीला भाव आहे म्हणून ते रान टिकून आहे, आणि त्या रानाच्या आधाराने लिंक्स नावाचं तिकडचं दुर्मिळ रानमांजर, गरुड हे पण.

गारखोली (सावदा)
भाऊ, मी केळीच्या रायपनिंग चेंबरची कामं करतो. आता सगळीकडे पफ पॅनल, म्हणजे आत फोम भरलेले पत्रे, बसतात पण फोम यायच्या आधी कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना कॉर्कच लावायचे. एका घन सेंटीमीटरमध्ये कोट्यवधी बंद पेशी आणि त्यात हवा भरलेली, त्यामुळे काँक्रीटच्या मानाने उष्णता निदान तीसपट कमी जाते. पण घेताना बघून घ्या. नोटीस बोर्डाची किंवा फ्लोअरिंगची फिकट शीट म्हणजे भुसा गोंदाने चिकटवलेला असतो. इन्सुलेशनचा वेगळा, गडद तपकिरी, जवळजवळ काळा. त्यात कॉर्कचे दाणे वाफेने तापवतात, त्याच्यातलाच चिकटा सुटतो आणि दाणे आपोआप धरतात, वरून गोंद लागत नाही. तुम्हाला प्लास्टिक नको असेल तर हाच मागा.

तापीकाठ
दोघांचे मनापासून आभार, झाडाची शंका मिटली. मग हा काळा बोर्ड खालून सिलिंगलाच मारू ना?

धाब्याचं_घर (अमळनेर)
खालून नको हो. खालून लावलं तरी स्लॅब दिवसभर उन्हात तापणारच आणि रात्रभर ती उष्णता सोडत राहणार. ऊन वरच अडवायचं. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत काय होतं, सागाच्या सऱ्या, वर लाकडं, त्यावर मातीचा हातभर थर आणि पावसाळ्याच्या आधी खारी माती टाकायची, भर दुपारी आत गेलं की जीव शांत व्हायचा. काम तेच आहे, स्लॅबच्या वर थर पाहिजे.
आणि खरं सांगू का, कॉर्क चांगलाच आहे पण तो जहाजाने इथवर येतो, महाग पडतो. आधी गच्चीवर पांढरा चुना मारा किंवा पांढऱ्या टाईलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा, एवढ्यानेच बराच फरक जाणवेल. सगळ्या गच्चीला कॉर्क घालायची गरज नाही, झोपायच्या खोलीवर घाला, तिथे पैसा सार्थकी लागतो. वॉटरप्रूफिंग, मग बोर्ड, त्यावर कोबा आणि वर पांढरं, कॉर्क उघडा ठेवायचा नाही. वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीवर पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवा, खाली ओल आली नाही तरच बोर्ड पसरा. मिस्तरी घाई करतील, ऐकू नका.