पोलिओचा पाय, कॅलिपर आणि राजगड – पाली दरवाज्यानं जमेल का?

पायथ्यावरचा

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

वय ४०, डावा पाय पोलिओचा, दीड वर्षाचा असताना झाला. मांडीपर्यंतचं कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) वापरतो, गुडघ्याला लॉक आहे, उजव्या हातात काठी. सपाटीवर दोनेक किलोमीटर आरामात चालतो, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायम बंद त्यामुळे जिन्याची सवय आहे. पतसंस्थेत नोकरी, म्हणजे बाकी दिवसभर बसूनच काम.

सातवीत आमची सहल राजगडला गेली होती. सर म्हणाले तू खाली थांब, डबे सांभाळ. चूक त्यांची होती असं आता वाटत नाही, चाळीस पोरं सांभाळायची त्यात मी कुठे. तर मी पाल खुर्दला सईबाईंच्या समाधीपाशी एका पोत्यात चाळीस डबे घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो. बालेकिल्ला खालून दिसतो, टक लावून बघत होतो आपली पोरं दिसतात का ते. माझ्या एका मित्राने वरून पद्मावती तळ्याचं पाणी वॉटरबॅगेत भरून आणलं माझ्यासाठी, हिरवट होतं, मी ते प्यायलोसुद्धा. आईला हे अजून माहीत नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की एकदा पाली दरवाज्यातून आपल्या पायाने आत जायचं. रायगड रोपवेने झालाय, सिंहगडावर गाडी जाते, पण राजगडला दोन्ही नाही. आता पोरगी सातवीत आहे आणि तिची सहल यंदा तिथेच जाणार म्हणे, त्यामुळे परत किडा वळवळायला लागलाय.

तर प्रश्न असे की पाली मार्गाच्या पायऱ्या नेमक्या कशा आहेत, लॉक लावलेल्या पायाने उतरताना काय करायचं (चढायची भीती नाही, उतरायची आहे), आणि तयारी कुठून सुरू करू. बालेकिल्ला नको, पद्मावती माचीपर्यंत पोचलो तरी पुरे. आणि एक हात जोडून विनंती, प्रेरणादायी व्हिडिओच्या लिंका नकोत, घरच्या ग्रुपवर रोज येतात.

सह्यवेडा_सातारकर

भावा सलाम तुझ्या जिद्दीला!! अरे अरुणिमा सिन्हा एक पाय नसताना २०१३ साली एव्हरेस्ट चढली, राजगड म्हणजे किस झाड की पत्ती. मनात आणलं ना की सगळं होतं. तू फक्त निघ. आम्ही सगळे आहोत सोबत. जय शिवराय 🚩

दोन_कुबड्या

सातारकर, लिंक दिली नाही याबद्दल आभार 😄 पण एक सांगतो, राग मानू नका. अरुणिमाताई मोठ्याच आहेत, पण त्यांचं उदाहरण आम्हाला लागू होत नाही. कृत्रिम पाय लावणाऱ्या माणसाचा खुबा आणि मांडी सहसा दणकट असते, ती ताकद पायाला लावता येते. आमचं उलटं. पाय आख्खा आहे, वजन आहे, पण आत स्नायूच नाही. म्हणजे स्वतःचा पाय अधिक दीड-दोन किलोचं कॅलिपर हे सगळं कमरेने ओढून फेकायचं. लोकांना वाटतं पाय नसण्यापेक्षा असलेला बरा, डोंगरात तसं नसतं राव.

पायथ्यावरचा, मी दोन्ही पायांनी पोलिओग्रस्त, एकाला कॅलिपर, दोन एल्बो कुबड्या (काखेत नाही, कोपराखाली हाताला अडकवायच्या). लोहगड दोनदा केलाय, लोहगडवाडीपर्यंत गाडीने आणि पुढे पायऱ्यांनी. माझा अनुभव लिहितो, लांबेल.

पहिलं म्हणजे कॅलिपरने पाय सरळ राहतो त्यामुळे तो बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकावा लागतो, हे तुम्हाला माहीतच आहे. घरात काही वाटत नाही पण अरुंद वाटेवर तो फिरवायला जागाच नसते, झुडपात अडकतो नाहीतर दगडावर आपटतो. आपटला की लॉकची कडी वर उडते आणि गुडघा घडी होऊन खाली. माझं दुसऱ्या खेपेला हेच झालं, हनुमान दरवाज्याच्या अलीकडे, नशीब मागे मेहुणा होता. तेव्हापासून कडीवर सायकलच्या ट्यूबचा रबर घट्ट चढवतो. माती आत गेली की हीच कडी जाम होते आणि मग बसायचं म्हटलं तरी बसता येत नाही, म्हणून जुना टूथब्रश आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली खिशात ठेवा.

उतरण्याचं. जिन्याचा नियम तोच, चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि अधू पाय आधी. पण गडाच्या पायऱ्या जिन्यासारख्या सारख्या उंचीच्या नसतात, एखादी गुडघ्याएवढी येते. तिथे मी सरळ बसतो, लॉक काढतो, बुडावर घसरत खाली येतो आणि परत लॉक लावून उभा राहतो. दिसायला कसं दिसतं विचारू नका, पँटची वाट लागते, जीनच्या दोन पँटी एकावर एक घाला. रेलिंग असेल तर तोंड डोंगराकडे करून उलटं उतरायचं, शिडी उतरल्यासारखं. मला चढायला लागला त्याच्या पाऊणपट वेळ उतरायला लागला, धडधाकट माणसाला निम्मा पुरतो, तेव्हा हिशोब तसा करा.

जुनं कॅलिपर घरात असेल तर तेही बरोबर घ्या, कुणाच्या तरी सॅकवर बांधा. जादा चामडी पट्टा, तार, पक्कड, केबल टाय. रिव्हेट तुटलं तर वर कोण दुकान उघडून बसलंय? खालीसुद्धा कारागीर मिळेना झालेत म्हणा. २०११ च्या जानेवारीत हावड्याला देशातली शेवटची केस झाली, २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, चांगलंच झालं, पण आमच्यासारखं जुनं गिऱ्हाईक आता थोडंच उरलंय आणि नवीन पोरांना कॅलिपरचं माप घ्यायला नीट येत नाही. मी पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रातून करून घेतो, सिव्हिलियन लोकांनाही तिथे देतात. डोंगराआधी एकदा फिटिंग तपासून घ्याच.

फिजिओ_मावशी

वर दोन_कुबड्यांनी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं 🙏 मी फक्त तयारीबद्दल लिहिते, कारण इथेच माणसं चुकतात.

पोलिओत मज्जारज्जूमधल्या हालचालीच्या पेशी मरतात. ज्या वाचतात त्या शेजारच्या अनाथ स्नायूतंतूंना पण आपल्या पंखाखाली घेतात, म्हणजे एका पेशीवर अनेकांचा संसार. त्यावर माणूस तीस-चाळीस वर्षं छान चालतो आणि मग त्या पेशी थकायला लागतात. आधीची ताकद कमी होते, थकवा येतो, सांधे दुखतात, याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. तुम्ही नेमके त्या वयात आहात. म्हणून जिममधलं 'दुखेल तेवढं चांगलं' इथे अजिबात नाही. अधू पायाला जोराचा व्यायाम देऊन तो मजबूत होणार नाही, उलट आहे तेही जाऊ शकतं. सरावाचा थकवा दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि पुढच्या वेळी कमी करा. एक दिवस सराव, एक दिवस आराम, यात तडजोड नाही.

ताकद कुठे वाढवायची तर खांदे, दंड, पाठ, पोट आणि उजवा पाय, पण उजव्यालाही तपासून घ्या, पोलिओ पुष्कळदा चांगल्या वाटणाऱ्या पायालाही थोडा चाटून गेलेला असतो. जमत असेल तर पोहा. पाण्यात सांध्यांवर भार येत नाही आणि खांदे तयार होतात. एका काठीऐवजी दोन एल्बो कुबड्या घ्या डोंगरात. काखेतल्या लाकडी मात्र नको, दमल्यावर माणूस काखेवर रेलतो, तिथली नस दाबली जाते आणि हात बधिर पडतो.

आणि थंडी! पोलिओच्या पायाला रक्तपुरवठा कमी असतो, तो गार पडला की असलेली ताकदही जाते. पहाटे निघणार असाल तर त्या पायात लोकरीचा मोजा, वरून अजून एक. निघण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, बीपी-शुगरही बघा, बसून काम म्हणालात म्हणून सांगते.

रोखठोक

सगळे चढवताय त्यांना हरभऱ्याच्या झाडावर. उद्या काही झालं की रेस्क्यूची पोरं रात्री झोप सोडून धावणार. मुरलीकांत पेटकरांचं बघा, आपल्या सांगली जिल्ह्यातले, फौजेत बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, तर बॉक्सिंग धरून नाही बसले. पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला ५० मीटरमध्ये सोनं आणलं. जे झेपतं ते करावं. हट्ट म्हणजे स्वप्न नाही.

दोन_कुबड्या

रोखठोक, रेस्क्यूचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर माणूस आधी विचारतोय. दर पावसाळ्यात शनिवार-रविवारी धडधाकट पोरं चप्पल घालून कड्यावर अडकतात, ती कुठे विचारून जातात? आणि पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ ला, ४६ वर्षांनी. झेपतं ते करून दाखवलं तरी लोकांना दिसायला अर्धं शतक जातं, मग माणसाने निदान आपल्याला पाहिजे ते तरी करावं.

वेल्ह्याचा_गडी

राम राम. मी तिकडचाच. पाली मार्ग म्हणजे गडाचा राजमार्ग, रुंद आहे, गुंजवण्याकडून चोर दरवाज्याची वाट आहे ती तुमच्या कामाची नाही, शेवटी एकदम खडी आहे आणि रेलिंगला लोंबकळत जावं लागतं. पालीने सुरुवातीला मातीची चढण, मग मधे मधे पायऱ्या, काही ठिकाणी पार ढासळल्यात. दरवाज्याच्या खालचा टप्पा कातळातल्या पायऱ्यांचा, तिथं रेलिंगला धरून निवांत जायचं. दरवाजे दोन आहेत एकावर एक, पहिला लागला की लोक पोचलो म्हणतात आणि दुसऱ्याला बघून तोंड वाकडं करतात. तुम्ही तसं करू नका.

माणूस अडीच-तीन तासांत जातो. तुम्ही सहा धरा. उतरायला पाच. हिवाळ्यात उजेडच अकरा तास असतो, म्हणजे बसायला-खायला वेळ उरत नाही. म्हणून पहाटे पाचला खालून सुटायचं, डोक्याला लावायची बॅटरी पाहिजे, हातात धरायची नको, हात मोकळे लागणार. आणि बारा वाजले की जिथं असाल तिथनं माघारी, मग दरवाजा समोर दिसत असला तरी. हे आधीच ठरवून या, वर आल्यावर ठरत नाही. मुक्कामाचं पुरातत्त्ववाल्यांना आधी विचारा, मुक्काम मिळणार असं धरून येऊ नका.

पावसात अजिबात नको, शेवाळावर काठी टिकत नाही. फेब्रुवारीनंतर पण नको, गवत वाळून खालचा मुरूम सुटा होतो, बॉल बेअरिंगवर चालल्यागत होतं. दिवाळीनंतर ते जानेवारी, तेही मधल्या वारी. रविवारी जत्रा असते आणि युनेस्कोच्या यादीत आल्यापासून तर विचारू नका.

गावातली दोन-तीन पोरं बरोबर घ्या, त्यांना दिवसाचे पैसे द्या, फुकट नको. एक पुढं, एक खालच्या अंगाला. हात धरायचा नाही, कमरेच्या पट्ट्याला धरायचं. डोलीची पण सोय ठेवा.

पायथ्यावरचा

एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, प्रिंट काढून ठेवलंय. रोखठोक, तुमचंही पटलं, फक्त मला सोनं नकोय हो, मला पाली दरवाजा पाहिजे.

डोलीचं मात्र मन घेत नाही. एकदा एका देवस्थानाला डोलीत बसलो होतो, चार माणसं घामाघूम आणि मी वर बसून रस्त्यातल्या लोकांचे नमस्कार घेतोय, कसंसंच झालं.

दोन_कुबड्या

चढताना बसू नका. उतरताना खांदे संपले तर बसा. आपल्या पायाने आत जायचं होतं ना, बाहेर कसं यायचं ते तर ठरलं नव्हतं 😄

पायथ्यावरचा

अपडेट देतो, सहा आठवडे झाले.

डॉक्टरांना दाखवलं. उजव्या पायाचं मावशी म्हणाल्या तसंच निघालं, पोटरी थोडी कमी आहे, मला चाळीस वर्षं पत्ता नव्हता. दोन एल्बो कुबड्या घेतल्या, पहिला आठवडा तळहातांची सालटी निघाली, आता सायकलचे हातमोजे घालतो. पोहायला पण लागलोय, म्हणजे सध्या पाण्यात नुसता तरंगतोय, कोच हसतो.

एक दिवसाआड पहाटे पर्वती. १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी चढायला २६ मिनिटं आणि उतरायला २२, आणि दुसरा दिवस आख्खा झोपून गेला, म्हणून पुढचे दोन आठवडे निम्म्यातूनच परत फिरलो. काल पूर्ण, १७ आणि १५, आणि आज सकाळी ऑफिसला व्यवस्थित गेलो. रोज येणारे एक आजोबा आहेत, ते मला ओलांडून तीन वेळा वर-खाली करतात आणि दर वेळी "चालू द्या" म्हणतात.

पुढच्या महिन्यात लोहगड, गणेश दरवाज्यापर्यंतच. राजगड यंदा नाही, पुढच्या डिसेंबरात बघू, बारा वाजताची अट धरून. पोरीची सहल होऊन गेली दरम्यान. तिला विचारलं पाणी आणलंस का तळ्याचं, तर म्हणे शी, बाबा, ते हिरवं आहे.

एक शंका राहिली. कुबड्यांची खालची रबरी बुचं पर्वतीवर तीन आठवड्यांत झिजली, मेडिकलवाल्याकडची एकदम पातळ आहेत. डोंगराला टिकतील अशी जाड कुठे मिळतात?

दोन_कुबड्या

आतून लोखंडी चकती असलेली मागा, सर्जिकलच्या दुकानात, मेडिकलमध्ये नाही. कुबडीच्या नळीचं माप घेऊन जा. आणि सहा घ्या, दोन नको, वर एक निसटून दरीत गेलं की कळेल.