पर्पल सी अर्चिन: कोलॅजेनचा प्रोब एक्टोडर्मही का रंगवतो?

प्रश्न
पर्पल सी अर्चिन (काटेरी समुद्री प्राणी, स्ट्राँगिलोसेंट्रोटस पुर्प्युरॅटस), भ्रूण 15 अंश सेल्सिअसला वाढवलेले. तंतुमय कोलॅजेन (पेशींबाहेरचं आधार देणारं प्रथिन) याच्या आरएनएला चिकटणारा, डिगॉक्सिजेनिन या खुणेचा 900 बेसचा प्रोब. 48 तासांच्या गॅस्ट्रुलात (आतडं आत वळू लागलेला भ्रूण) मेसेंकाइम (आतल्या सुट्या) पेशी गडद रंगतात, पण एक्टोडर्म (बाहेरचा थर) हाही जांभळट येतो. रूपांतर झालेल्या पिल्लांत मात्र काट्यांची टोकंच रंगतात. शिवाय बीएपीएन हे अवरोधक रसायन दिल्यावर गॅस्ट्रुलेशन (गॅस्ट्रुला बनणं) थांबतं, तरी कोलॅजेनचा एमआरएनए (संदेश-आरएनए) घटत नाही. चूक कुठे आहे?

प्रतिसाद 1
प्रोब रेणूच्या कोणत्या भागावर आहे? मधल्या तिहेरी पिळात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, शिवाय भरपूर प्रोलिन. म्हणजे जीजी आणि सीसीने सुरू होणारे कोडॉन ओळीने येतात. तिथला प्रोब दुसऱ्या कोलॅजेन जनुकांच्या आरएनएलाही चिकटतो. सी-प्रोपेप्टाइड (प्रथिनाच्या शेवटाचा, नंतर कापला जाणारा तुकडा) किंवा 3 प्राइम यूटीआर (आरएनएचा प्रथिन न बनवणारा शेवट) यावर नवा प्रोब करा, जीनोमशी ब्लास्ट (क्रम जुळवून पाहणारा प्रोग्राम) करून बघा आणि 50 टक्के फॉर्मामाइडमध्ये 60 ते 65 अंशांवर हायब्रिडाइझ करा. एकमेकांवर न येणारे दोन प्रोब सारखाच नमुना देत असतील तरच तो खरा माना. सेन्स प्रोबही (आरएनएला न चिकटणारा, तुलनेचा प्रोब) तितकाच रंगला, तर दोष धुण्यात किंवा अँटिबॉडीत शोधा.

प्रतिसाद 2
पिल्लांचं कारण वेगळं वाटतं: कवच कॅल्साइटचं, त्यात प्रोब आत शिरतच नाही. फिक्स केल्यावर आरएनएज-मुक्त 0.5 मोलर ईडीटीए (कॅल्शियम पकडणारं रसायन), पीएच 8, यात थंडीत ठेवा आणि रोज बदला. क्रॉस पोलरायझरखाली कॅल्साइटची चमक पूर्ण गेली की झालं. आम्ल अजिबात नको. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे ऊती फाडतात. ईडीटीए नीट धुवा, नाहीतर रंग आणणाऱ्या अल्कलाइन फॉस्फटेज एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम तेच पकडून ठेवतं आणि रंगच येत नाही. त्यानंतर छेद घ्या. काट्याच्या बुडाचा अस्थिबंध कोलॅजेनने भरलेला असतो. पहिली नजर तिथे टाका.

प्रतिसाद 3
बीएपीएनचा निकाल मला चुकीचा वाटत नाही. ते लायसिल ऑक्सिडेज हे दुवे जोडणारं एन्झाइम अडवतं. कोलॅजेन बनून पेशीबाहेर पडल्यानंतरचे आडवे दुवे जुळत नाहीत. एमआरएनए घटण्याची अपेक्षाच धरू नका. मेसेंकाइम ब्लास्टुलात (गॅस्ट्रुलाआधीच्या अवस्थेत) थांबलेले भ्रूण स्वच्छ समुद्रपाण्यात धुऊन ठेवा. पुढे सरकले तर परिणाम दुव्यांचा. नाही सरकले तर मात्रा विषारी ठरतेय, कमी करा.

पिल्लांवर क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) करणार असाल तर एक सांभाळा: डायटमच्या (सूक्ष्म शैवालाच्या) थरावर वाढलेल्या पिल्लांच्या आरएनएत डायटमचाही आरएनए मिसळतो. रूपांतरानंतर काही दिवस तोंड उघडलेलं नसतं. तेव्हाच गोळा करा आणि थर पूर्ण धुऊन काढा.