बाबांच्या सत्संगाबाहेर धरना आहे, मावशी आत असणार. जाऊ का नको?

रामबागची_लेक
इंदूरवाल्यांनी प्लीज सांगा. एका बाबांचा परिवार आहे, नाव लिहीत नाही, लिहिलं की इथे लगेच महाभारत सुरू होतं. रविवारी बायपासकडच्या एका मॅरेज गार्डनमध्ये त्यांचा मोठा सत्संग आहे आणि बाहेर रस्त्यावर काही लोक धरना देणार आहेत, सगळे माझ्यासारखेच, घरातलं कोणीतरी तिथे अडकलेलं. मलाही बोलावलंय.

माझी मावशी सुदामानगरला एकटी राहते. काका गेल्यावर तिथे जायला लागली तेव्हा आम्हालाही बरंच वाटलं, चार बायकांत बसते, भजनं म्हणते, वेळ जातो. आता तिच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन सील न फोडता पडलंय आणि त्याच्या शेजारी तिथल्या 'सिद्ध जला'ची बाटली, 350 रुपये, लेबलवर छापलंय मधुमेह, थायरॉइड, गुडघेदुखी. मागच्या आठवड्यात शुगर 380 आली. बोललं तर म्हणते तुमच्या डॉक्टरांनी एवढ्या वर्षांत काय दिवे लावले.

आई म्हणते तू रस्त्यावर उभी राहिलीस तर ताई परत आपल्या घरी पाय ठेवणार नाही. नवरा म्हणतो एफआयआर झाली की पासपोर्ट अडकला समज. उभं राहून खरंच काही होतं का? आणि पोलीस काय करतात?

भिया_लोकमान्यनगर
जायचंच. घाबरायचं काय त्यात, संविधानाने हक्क दिलाय. मी येतो, किती वाजता?

काळा_कोट_इंदूर
भिया, हक्क आहे पण 'येतो' म्हणून निघालं की झालं असं नसतं. ताई, नीट वाचा.

कलम 19 मध्ये शांततेने, बिनशस्त्र जमायचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाने 1972 ला अहमदाबादच्या एका केसमध्ये सांगितलंय की रस्त्यावरच्या सभांना पोलीस नियम लावू शकतात, सरसकट बंदी नाही घालू शकत. पण 2020 च्या शाहीनबागवाल्या निकालात हेही आहे की सार्वजनिक रस्ता अडवून बसता येणार नाही. म्हणजे कडेला उभं राहा, गेट सोडा, गाड्या जाऊ द्या.

आपल्याकडे डिसेंबर 2021 पासून पोलीस कमिश्नरी आहे, त्यामुळे जमावबंदीचं जुनं 144, आता बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं 163, त्याचा आदेश पोलीस कमिश्नरकडून निघतो. असा आदेश चालू असेल आणि परवानगी नसेल तर बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) 223 लागतं, आदेश मोडल्याचं. म्हणून आयोजकांना आधी विचारा, परवानगीचा अर्ज दिलाय का, त्याची पावती कुठाय. नुसतं 'टीआय साहेबांशी (ठाण्याच्या इन्स्पेक्टरशी) बोलणं झालंय' याला काही अर्थ नाही, टीआय रविवारी सुट्टीवर असला तर? माइक लावणार असतील तर त्याची परवानगी वेगळी.

पासपोर्टचं म्हणाल तर नुसती एफआयआर म्हणजे कोर्टात खटला पेंडिंग असं होत नाही, कोर्टाने दखल घेतल्यावर प्रश्न येतो. मिस्टरांना सांगा इतकं घाबरू नका. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर लेडी ऑफिसर आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, तीही अपवाद म्हणूनच. तरी संध्याकाळच्या आत घरी या.

आता महत्त्वाचं. देवाबद्दल, गुरूबद्दल, त्यांच्या मंत्राबद्दल एक शब्द पाटीवर नको. बीएनएस 299 म्हणजे जुनं 295अ, मुद्दाम धार्मिक भावना दुखावल्या, ती तक्रार द्यायला ते लोक तयारच बसलेले असतात. तुमची केस बाटलीची आहे, बाटलीवरच राहा. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा इथे चालत नाही, पण 1954 चा औषधी आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा केंद्राचा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आहे, आणि जाहिरातीत बाटलीचं लेबल तर येतंच, स्टेजवरून तोंडी केलेली घोषणासुद्धा येते. बाटली, लेबलचा फोटो, बिल दिलं असेल तर बिल, हे घेऊन औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते तिथेही एक कॉपी टाका आणि 181 वर, सीएम हेल्पलाइनवर, नोंदवून नंबर घ्या. हे धरन्याच्या आधी झालं तर बरं, मग पोलिसांनी विचारलं 'का उभे आहात' तर दाखवायला कागद असतो.

सनातनी_पंत
आपल्याच साधुसंतांच्या मागे लागायचं, दुसऱ्यांकडे जायची हिंमत आहे का? मावशी सज्ञान आहे, तिचा विश्वास तिच्यापाशी.

रामबागची_लेक
पंत, माझी मावशी दुसरीकडे गेली असती तर मी दुसरीकडे उभी राहिले असते. भजनाला माझी ना नाही. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्याला आहे.

खंडवा_रोड_जुना
विश्वास ज्याचा त्याच्यापाशी हे आम्ही पण म्हणायचो. आसारामना जोधपूर पोलिसांनी इथल्याच खंडवा रोडच्या आश्रमातून नेलं, 2013, ऑगस्टची शेवटची रात्र. बाहेर ही गर्दी. आमच्या शेजारचे एक काका, बँकेतून रिटायर, एकदम शहाणा माणूस, ते सांगत होते आठ दिवसांत बाबा परत येतील. 2018 ला जन्मठेप झाली, 2023 ला गांधीनगरच्या कोर्टाने दुसऱ्या केसमध्ये परत जन्मठेप दिली, काकांच्या भिंतीवर फोटो अजून आहे, हार पण बदलतात. निकाल लागला म्हणून माणूस बदलतो असं काही नसतं हो. आणि त्या केसमध्ये साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला, तेव्हा ताई एकटीने जाऊ नका आणि मावशीचा पत्ता, नाव कुठल्याच ग्रुपवर टाकू नका.

चपला_सांभाळणारा
मी अशाच एका ठिकाणी (हे नाही, दुसरं) काही वर्षं सेवा केली, चपलांचा स्टँड आणि पार्किंग. त्यामुळे आतून कसं दिसतं ते सांगतो, बाहेरच्यांना ते कधीच कळत नाही.

बाहेर कोणी घोषणा द्यायला लागलं की आत आनंद व्हायचा. खरंच. माइकवरून सांगायचे, बघा, परीक्षा सुरू झाली, सत्याला विरोध होतोच. त्या दिवशी दानपेटीही जास्त भरायची. पुतळा जाळला, 'ढोंगी ढोंगी' ओरडले तर आमचं काम सोपं, बायकांना मागच्या गेटने काढायचं आणि सांगायचं की ही पैसे देऊन आणलेली माणसं. आणि भक्तांनाच 'आंधळे', 'मूर्ख' म्हणणारे तर विचारूच नका, ज्याच्या मनात थोडी शंका आलेली असते तोही त्या दिवशी घट्ट होतो. कोणाला आवडेल हो चारचौघांत मूर्ख ठरायला?

एकदा एक मुलगा आला होता, पंचवीसेकचा. ओरडला नाही काही नाही, पार्किंगच्या तोंडाशी पाटी घेऊन उभा राहिला. पाटीवर एवढंच, 'आई, बीपीची गोळी घेतलीस का?' आम्हाला वर विचारायला लागलं ह्याचं काय करायचं, कारण ह्याला शिव्या देता येईनात, नास्तिक म्हणता येईना. ज्येष्ठ सेवेकरी येऊन म्हणाले हटव, तर तो म्हणाला रस्त्यावर आहे, हटत नाही. चप्पल घ्यायला आलेल्या बायका वाचून जात होत्या, दोघी-तिघींनी तर त्याला विचारलं कोणती तुझी आई. त्याची आई सापडली का, आली का बाहेर, माहीत नाही. पण पुढच्या रविवारी माइकवरून पहिल्यांदाच ऐकलं की 'औषधं ज्यांची चालू आहेत त्यांनी चालू ठेवावीत'. वकिलांना घाबरून म्हणाले असतील, मला काय, म्हणाले ना.

तर ताई, जा, पण मावशीला आदल्या दिवशी सांगून जा. तिथे अचानक दिसलात तर तिला बायकांसमोर लाज वाटेल आणि ती गेलीच समजा. फोनवर सांगा की मी तुझ्या बाबांना काही बोलणार नाहीये, बाटलीच्या लेबलला बोलणार आहे. रागावेल. रागावू द्या. आणि काही झालं तरी तिच्याकडचं जाणं-येणं तोडू नका, जो बाहेर पडतो त्याला पडायला एक घर लागतं, आत त्याला हेच सांगितलेलं असतं की बाहेर तुझं कोणी नाही.

भिया_लोकमान्यनगर
चपलावाल्या भाऊ, भारी लिहिलंत. मी पुतळ्याचा प्लॅन कॅन्सल करतो 😅

रामबागची_लेक
सगळ्यांचे आभार. आयोजकांना फोन केला, अर्ज दिलाय म्हणाले, पावती मागितली तर 'पाठवतो'. आली तरच जाणार. तक्रार आज रात्री टाइप करते, काळा कोट दादा, इथे टाकली तर एकदा नजर टाकाल का? मावशीला शनिवारी फोन करते, आई शेजारी बसणार म्हणते.

पाटी कुठल्या भाषेत लिहू? मावशी मराठी वाचेल, बाकीच्या सगळ्या हिंदीवाल्या आहेत.

चपला_सांभाळणारा
एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी. अक्षरं मोठी, सत्संगाला येणाऱ्या निम्म्या बायकांचे चश्मे पर्समध्ये असतात.

काळा_कोट_इंदूर
टाका, बघतो. नाव-पत्ता झाकून टाका. आणि लेबलवरचा बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव, लायसन्स नंबर असेल तर तोही तक्रारीत लिहा. नसेल तर 'लेबलवर लायसन्स नंबर नाही' असं स्पष्ट लिहा, ते जास्त कामाचं आहे.